बेळगावहून मालवण बंदर : मंडळाची दोन दिवसांची बोट-सहल कशी आखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागातील मंडळांच्या मालवण सहली बहुधा समुद्रावर बिघडत नाहीत. त्या आधीच्या बैठकीतच बिघडलेल्या असतात. बैठकीत सुट्टी पाहून तारीख ठरते, मग कोणाच्या तरी ओळखीची गाडी ठरते, मग राहण्याची सोय होते आणि बोटीचा विषय 'तिथे गेल्यावर बघू' या वाक्यावर सोडून दिला जातो. आपण घाटमाथ्यावरची माणसे आहोत. राकसकोपच्या किंवा हिडकलच्या धरणातल्या पाण्याला दिवसातून दोनदा चढउतार नसतो, त्यामुळे बंदराला स्वतःचे घड्याळ असते ही गोष्ट आपल्या हिशेबात येतच नाही.

पहिल्यांदा आयोजन माझ्याकडे आले तेव्हा मीही हेच केले होते. शनिवारी पहाटे निघून साडेदहाला थेट धक्क्यावर पोहोचलो, तर पूर्ण ओहोटी होती. बोट सुटेपर्यंत बारा वाजले, तोवर वारा उठला, अर्धी मंडळी बोटीच्या काठाला वाकून बसली आणि खानावळीत एक वाजता वाढून ठेवलेल्या बावीस थाळ्या आम्ही साडेतीन वाजता गार खाल्ल्या. पुढच्या सहलींत क्रम बदलला : आधी भरती, मग बोट, मग जेवण आणि निवास, आणि गाडी त्यानंतर. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते मागेपुढे करू नयेत.

## टप्पा १ : महिना आणि तिथी ठरवणे

मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळे प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे हे महिने सोडून द्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत शांत असतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळावा, कारण त्या गर्दीत कोणताही तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख खलाशी, तुमच्यासाठी थांबणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत वारा जोर धरू लागतो आणि कधी कधी दूरच्या वादळाच्या लाटा निरभ्र आकाशाखाली किनाऱ्यावर येऊन आदळतात.

महिना ठरला की भिंतीवरचे कॅलेंडर उतरवावे आणि रविवारच्या तिथ्या पाहाव्यात. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. ही वेळ सकाळची आणि रात्रीची दोन्ही समजावी. त्यानंतर सव्वासहा तासांच्या सुमारास पूर्ण ओहोटी येते. द्वादशीची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास भरती आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास ओहोटी. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ज्या दहाच्या ठोक्याला तुम्ही बोटीत चढायचे म्हणता त्याच वेळी पाणी सर्वांत खाली गेलेले असते.

ओहोटी म्हणजे बोट बंद असे नव्हे. मात्र धक्क्याच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या त्या वेळी उघड्या पडतात, किल्ल्याभोवतालचे खडक वर येतात, बोटीला वळसा घालून जावे लागते आणि आजी-आजोबांना चढवणे-उतरवणे कठीण होते. म्हणून रविवारी दशमी ते त्रयोदशी यांपैकी तिथी येईल असा शनिवार-रविवार निवडावा. या तिथ्यांना भरती साडेसात ते पावणेदहा या वेळेत येते आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाणही पुरते चढलेले नसते. दोन्ही पंधरवड्यांत मिळून महिन्याला असा एखादा तरी रविवार बहुधा सापडतो.

येथे एक घरगुती अडचण आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. रविवारी एकादशी आली तर गटातील वारकरी माळकरी उपवासाला असतात, आणि शनिवारी मारुतीचा वार म्हणून निम्मे लोक मासळीला शिवत नाहीत. म्हणजे मासळीचे जेवण रविवारी दुपारी आणि रविवारी द्वादशी किंवा त्रयोदशी, हा योग सर्वांत उत्तम. माळकऱ्यांची पंगत त्या दिवशीही वेगळी मांडावी लागते, हे यादी करतानाच लिहून ठेवावे.

तपासणी : पाऊणपटीचा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होऊ शकतो. तारीख जाहीर करण्यापूर्वी भरतीच्या छापील किंवा ऑनलाइन तक्त्याशी तो ताडून पाहावा आणि शेवटी तांडेलाला विचारावे. तांडेलाचे म्हणणे आणि तुमचे कॅलेंडर यांत फरक पडला तर तांडेलाचे खरे मानावे.

## टप्पा २ : बोट आणि तांडेल

दोन पर्याय असतात. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी फेरीबोट सर्वांसाठी असते; ती पाऊण-एक तास किल्ल्याशी थांबून त्याच प्रवाशांना परत आणते. दुसरा पर्याय म्हणजे तारकर्ली-देवबागच्या बाजूने कर्ली नदीत आणि संगमाकडे नेणारी, गटासाठी ठरवलेली बोट. पहिल्यांदा जाणाऱ्या आणि वयस्कर माणसे बरोबर असलेल्या गटाने किल्ल्याची फेरी घ्यावी. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी बसवण्याचा मोह होतो. त्यात दोन्हींचा विचका होतो, असा माझा अनुभव आहे.

ठरवून बोट घ्यायची असेल तर फोनवर दराच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात : बोटीची नोंदणी आहे का, तिला किती प्रवाशांची परवानगी आहे, विमा आहे का आणि लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे किती आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'सगळ्यांना बसतात हो' असे आले तर दुसरा क्रमांक फिरवावा. गट बावीस जणांचा आणि परवानगी वीस जणांची असेल तर 'दोन तर जास्त आहेत' असे म्हणत बसू नये. सरळ दोन बोटी घ्याव्यात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, आणि तेव्हा ती बोट किनाऱ्यापासून फार दूर नव्हती.

वेळ ठरवताना सकाळची पहिली फेरी मागावी. याचे कारण केवळ गर्दी नव्हे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्यालगतचे पाणी बहुधा शांत असते. ऊन चढले की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि अकरानंतर लाटांना धार येते. उलटीची औषधे देण्यापेक्षा साडेदहाच्या आत परत येणे अधिक गुणकारी असते.

सावधान : हवा बिघडली तर फेरी रद्द होते आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. तीन नंबरचा बावटा लागला असे कळले की घासाघीस न करता बेत बदलावा. रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार की पुढच्या तारखेला वळती होणार, हे पैसे पाठवण्यापूर्वी लेखी संदेशात मागून घ्यावे.

## टप्पा ३ : निवास आणि जेवण

निवास धक्क्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत असावा. तारकर्लीत समुद्रासमोरची खोली छान दिसते, पण रविवारी सकाळी सहा-सात किलोमीटर अंतरावरून बावीस माणसांना आंघोळी उरकून धक्क्यावर आणणे ज्याने केले आहे तो पुन्हा तसे करत नाही. ज्यांना वाळूतच राहायचे आहे त्यांनी बोटही देवबागचीच घ्यावी.

जेवणाची वर्दी आदल्या दिवशी द्यावी आणि ती आकड्यात द्यावी : सुरमईच्या इतक्या थाळ्या, बांगड्याच्या इतक्या, शाकाहारी इतक्या. 'साधारण वीस-बावीस' असे सांगितले की खानावळवाला अठरा धरतो आणि शेवटच्या चौघांना रस्सा व भात मिळतो. मासळीचा दर त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो, म्हणून महिनाभर आधी थाळीचा दर पक्का करून घेण्याचा आग्रह धरू नये. कमाल किती होईल तेवढे विचारून ठेवावे.

## टप्पा ४ : गाडी आणि वाट

गाडी पिवळ्या पाटीची असावी आणि तिच्याकडे महाराष्ट्रात प्रवासी नेण्याचा परवाना व भरलेला कर असावा. कर्नाटकापुरताच परवाना असलेली गाडी हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत निर्धोक धावते. पुढे तपासणी झाली की दंड चालकाच्या नावे पडतो आणि शेवटी मंडळाच्या खिशातून जातो. गोव्यातून येण्याचा विचार असेल तर गोव्याचेही विचारावे. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नये, कारण अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो.

बेळगावकरांसाठी वेंगुर्ला रोडच सरळ आहे : हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी, मग चंदगड तालुक्यातून आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी, तेथून कुडाळमार्गे मालवण. चहा-नाश्त्यासह साडेचार-पाच तास धरावेत. निपाणी-संकेश्वरकडच्यांना गडहिंग्लज-आजरा-आंबोली ही वाट सोयीची आहे. तिलारी घाट अंतराला जवळचा दिसला तरी त्याचा उतार आणि वळणे फार तीव्र आहेत. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बस घेऊन त्या वाटेला जाऊ नये.

आंबोलीत तेलकट वडे खाऊन लगेच घाट उतरणे ही आपल्या सहलींची एक परंपराच आहे आणि घाटातील अर्ध्या उलट्या तिच्या खात्यावर जातात. गाडीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी असे कोरडे खाणे ठेवावे. आंबोलीत फक्त चहा घ्यावा आणि नाश्ता सावंतवाडीत करावा.

## टप्पा ५ : पट्टी आणि यादी

पट्टी काढताना गाडीचे भाडे आसनांच्या संख्येने भागू नये. सव्वीस आसनांची गाडी असेल तर बावीसने भागावे, कारण शेवटच्या आठवड्यात दोन-तीन जण गळतातच आणि गळालेल्यांचा वाटा उरलेल्यांकडून मागण्याइतके अप्रिय काम दुसरे नाही. उरलेली रक्कम परत देताना कोणीही तक्रार करत नाही.

वाटे दोन करावेत. गाडी आणि निवास हा सर्वांचा सारखा वाटा. बोट आणि जेवण ज्याने घेतले त्याचा. ज्या काकूंना पाण्याची भीती आहे त्यांच्याकडून बोटीचे पैसे आधीच घेतले की पैसे वसूल करण्यासाठी म्हणून त्या बोटीत चढतात आणि वाटभर डोळे मिटून बसतात. त्यांना धक्क्यावर सोबत मिळेल अशी व्यवस्था करणे केव्हाही बरे.

यादीत नाव, वय, घरच्या माणसाचा क्रमांक, चालू औषधे आणि पोहता येते की नाही हे पाच रकाने असावेत. तिच्या तीन प्रती काढाव्यात : एक गाडीत, एक आयोजकाकडे आणि एक किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे. प्रत्येकाने ओळखपत्र बरोबर घ्यावे. यादीतूनच आठ-दहा जणांच्या तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीला एक प्रमुख नेमावा. लहान मूल आणि त्याचे आई किंवा वडील नेहमी एकाच तुकडीत राहतील असे पाहावे.

## टप्पा ६ : शनिवार हा पाहणीचा दिवस

शनिवारी बोटीत बसू नये. प्रवासाने आंबलेली माणसे, चढलेले ऊन आणि सुटलेला वारा या तिन्ही गोष्टी दुपारी एकत्र येतात. सकाळी सहाला बेळगाव सोडले तरी चालते. दुपारचे जेवण, थोडी झोप आणि चारच्या पुढे सर्वांनी मिळून धक्क्यावर जाणे एवढाच कार्यक्रम ठेवावा.

आयोजकाने मात्र तेथे तीन कामे करावीत. तांडेलाला प्रत्यक्ष भेटून उद्याची वेळ आणि हवा विचारावी, बोटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या फोनवरील बोलण्याशी जुळते का ते पाहावे आणि चढण्याच्या पायऱ्या स्वतः उतरून पाहाव्यात. बाकीच्यांना तोवर मासळीचा लिलाव पाहू द्यावा. बोली चालू असताना टोपल्यांच्या वर्तुळात शिरून फोटो काढू नयेत. ते लोकांच्या रोजीरोटीचे काम आहे आणि एखादी मालवणी मावशी ते तुम्हांला चारचौघांत सुनावेल.

रात्री गप्पा रंगल्या तरी दहाला दिवे मालवावेत. रात्री मद्य घेतलेल्या माणसाला सकाळी बोटीत घेऊ नये. हा नियम बेळगावातच, पट्टी घेतानाच सांगून ठेवावा, म्हणजे धक्क्यावर वाद होत नाही. गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

## टप्पा ७ : रविवार सकाळ, बोटीवर

उपाशीपोटी बोटीत बसल्याने मळमळ थांबते हा समज चुकीचा आहे. निघण्यापूर्वी तासभर आधी पोहे किंवा केळे-बिस्किटे असे हलके खाणे घ्यावे. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारून आणलेले औषध अर्धा-एक तास आधी घ्यावे, बोटीच्या मध्यभागाकडे किंवा मागच्या बाजूला बसावे आणि मोबाइलकडे न पाहता क्षितिजाकडे पाहावे.

लाइफ जॅकेट पायरीवरच घालावे. सर्व पट्टे आवळून झाले की तुकडीप्रमुखाने प्रत्येकाच्या मागे उभे राहून जॅकेट दोन्ही खांद्यांजवळ धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीला किंवा कानाला लागेपर्यंत सरकले तर पट्टे सैल आहेत किंवा माप मोठे आहे. पाण्यात पडल्यावर असे जॅकेट वर तरंगते आणि माणूस त्यातून खाली निसटतो. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचे जॅकेट घालून दोरीने बांधण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तसे करण्यापेक्षा त्या मुलाला किनाऱ्यावर ठेवावे.

चढताना घाई होते ती खाली जाणाऱ्या लाटेच्या वेळी. बोट लाटेबरोबर वर येऊन क्षणभर पायरीच्या पातळीला थांबते, त्या क्षणी पाऊल टाकावे. खलाशाचा तळवा न धरता मनगट धरावे, म्हणजे त्यालाही आपले मनगट धरता येते आणि ओला हात सुटत नाही. पाऊल बोटीच्या काठावर न ठेवता आतल्या फळीवर, मध्यभागी ठेवावे. एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मोबाइल असलेल्या माणसाला खलाशी धरणार तरी कुठे? सामान आधी आत द्यावे.

सावधान : डॉल्फिन दिसला की 'तो बघा, तो बघा' म्हणत सगळे एका बाजूला धावतात आणि बोट त्या बाजूला कलते. बसल्या जागेवरून मान वळवून पाहायचे, उठायचे नाही, हे धक्का सोडण्यापूर्वी मोठ्याने सांगावे आणि मुलांकडून वदवून घ्यावे.

तपासणी : माणसे चार वेळा मोजावीत : धक्का सोडण्यापूर्वी, किल्ल्याशी उतरल्यावर, परत बसल्यावर आणि धक्क्यावर आल्यावर. किल्ल्यात तांडेलाने दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी दरवाजाशी जमावे. ही शिस्त सुटली की मागे राहिलेल्या दोघांसाठी वीस जण उन्हात ताटकळतात.

## टप्पा ८ : पाण्यात उतरणे

या टप्प्यावर मी कठोर आहे आणि वाचकांनीही व्हावे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडून मरण पावले. विहिरीत आणि नदीत पोहणारा माणूस समुद्रात पोहू शकतो, हा आपल्याकडचा समज घातक आहे, कारण तेथे पायाखालची वाळू सरकते आणि पाणी परत जाताना माणसाला ओढून नेते. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडून दमू नये. ओढ संपेपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहावे किंवा तरंगत राहून हात वर करावा.

ओहोटी लागली असताना कोणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. देवबागच्या संगमावर, जेथे नदीचे पाणी ओहोटीबरोबर समुद्रात ओढले जाते, तेथे अजिबात उतरू नये. एक माणूस बुडताना दिसला तर दुसऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये. दोरी, रिकामा कॅन किंवा लाइफ जॅकेट फेकावे आणि स्थानिक मच्छीमारांना हाक मारावी. ११२ हा आणीबाणीचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आदल्या रात्रीच नोंदवलेला असावा.

## टप्पा ९ : परतीचा प्रवास आणि हिशेब

साडेदहाला धक्क्यावर, साडेबाराला पंगत आणि दोनला गाडी, असा बेत ठेवावा. जेवणानंतर 'थोडे किनाऱ्यावर बसू' हा प्रस्ताव हमखास येतो. तो मान्य केला की आंबोली घाट अंधारात आणि कित्येकदा धुक्यात चढावा लागतो, आणि घाटात काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. जेवून लगेच घाट गाठण्यापेक्षा सावंतवाडीत अर्धा तास चहाला थांबावे, म्हणजे सोलकढी पोटात स्थिरावते. ओले कपडे आणि सुकी मासळी टपावर बांधावी. गाडीच्या आत ठेवली तर पुढच्या महिन्यात तीच गाडी तुम्हांला भाड्याने मिळणार नाही.

हिशेब घरी गेल्यावर करू म्हटले की तो पंधरा दिवस लांबतो. पावत्या आयोजकाच्या एकाच पाकिटात असाव्यात, आंबोलीच्या चहाला बेरीज पुरी करावी आणि शिनोळी यायच्या आत गाडीतच तो मोठ्याने वाचून उरलेले पैसे वाटून टाकावेत, कारण सुळग्यापासून एकेक माणूस उतरू लागतो.